ओढ्याकाठची पात

अमेरिकेहून परत आले तेव्हा शाळेतल्या सगळ्याजणींनी नायगाऱ्याबद्दल विचारलं. धबधबा पाहिला, खूप मोठा आहे, तुषार अंगावर येतात. एवढं सांगून झालं की त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं उरत नाही. त्या मुक्कामातलं जे मला अजून झोपेतून दचकून जागं करतं ते वेगळंच आहे. वेस्ट व्हर्जिनियातला एक डोंगर, तिथे वसंतात उगवणारा रानलसूण, आणि धुक्यातून उतरणारी आमची गाडी. ज्यांना तिकडे जायचा योग आला नाही, त्यांच्यासाठी ते लिहून ठेवते आहे.

डोंगरातलं घर

चौऱ्याऐंशी सालचा एप्रिल. आधीचे काही दिवस मी टेक्सासमध्ये शुगर लँडला मामेभावाकडे होते. तिथली जमीन पोळपाटासारखी सपाट, उन्हाळा आपल्या कोकणासारखा घामट, आणि आजूबाजूला चार मराठी घरं. कोणाकडे ना कोणाकडे जेवण असायचंच. अमेरिका म्हणजे हेच, असं मी मनाशी धरलं होतं.

मग मधूकडे आले. मधू माझा धाकटा भाऊ. खाणींचा इंजिनिअर. शिकायला गेला आणि तिथल्याच एका कोळशाच्या कंपनीत राहिला. विमानतळावरून त्याच्या घरी जाताना गाडी वळणावर वळणं घेत चढतच राहिली. दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडं, मध्येच एखादं लाकडी घर, पुढे पुन्हा झाडं. समोरून येणाऱ्या प्रत्येक छोट्या ट्रकच्या मागच्या काचेत बंदूक टांगलेली.

"हरणांसाठी आहेत त्या, ताई. माणसांसाठी नाहीत," मधू म्हणाला.

पण एका झाडावर पाटी होती. आत पाऊल टाकाल तर गोळी घालू, अशा अर्थाची. ती काही हरणांसाठी लिहिलेली नव्हती.

मधूचं घर रस्ता जिथे संपतो तिथे. शेजारचं घर खिडकीतून दिसतसुद्धा नाही. मधूची बायको नलिनी दिवसभर कामावर, मुलगी रेखा शाळेत. मी एकटी घरात बसले की पाण्याचा पंप चालू झाल्याचा आवाजही मला कोणीतरी आत शिरल्यासारखा वाटे. मी दाराला आतून कडी लावून भाजी चिरत बसायची. संध्याकाळी रेखा यायची आणि दारावर थापा मारून म्हणायची, "आत्या, इट्स ओन्ली मी."

रेखा पंधरा वर्षांची. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर इंग्रजीत येई. फारच लाडात आली तर "आत्या, भूक लागला" असं काहीतरी बोले आणि स्वतःच हसे.

लसणाचं जेवण

तिथे पोहोचल्यावर दोन दिवसांनी मधू मला गावातल्या आगबंबाच्या ठाण्यात जेवायला घेऊन गेला. आपल्याकडे हुरड्याला जमतात तसे तिकडचे लोक वसंतात रानलसूण खायला जमतात. त्याला ते रॅम्प्स म्हणतात. बंब बाहेर उभे केलेले, आत लांबच लांब टेबलं, आणि दाराबाहेरूनच येणारा वास. तो वास मला थेट वाईला, आमच्या परसात घेऊन गेला. लसणाची कोवळी पात आणि कांद्याची पात एकत्र ठेचली की येतो तसाच, फक्त त्याहून दांडगा.

ते लोक ही पात डुकराच्या चरबीत, बटाटे घालून परततात. मधूने काउंटरवरच्या बाईंना माझं सांगितल्यावर त्यांनी वेगळ्या तव्यावर साध्या तेलात माझ्यापुरती परतून दिली. मक्याच्या पावाबरोबर मी दोनदा वाढून घेतली. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आता तीन दिवस तुमच्या अंगाला वास येणार.

रेखा मात्र गाडीतच बसून राहिली होती. वर्गातल्या मुली आत होत्या, आणि आपल्या घराला फोडणीचा वास येतो हे ऐकून ऐकून ती आधीच कंटाळली होती.

परत येताना मधू म्हणाला, "आपल्या घरामागच्या डोंगरावर ढीगभर आहे हे. शनिवारी जाऊ. तू पचडी कर, आईसारखी."

शनिवार, ओढ्याकाठी

नलिनी शुक्रवारीच मैत्रिणीच्या मुलीच्या डोहाळजेवणाला पिट्सबर्गला गेली होती. शनिवारी सकाळी मधू, रेखा आणि मी रानात निघालो. माझा शनिवारचा उपवास होता, त्यामुळे निघताना फक्त चहा घेतला.

आपल्याकडे चैत्रात रान वाळलेलं असतं आणि वर पळस, पांगारा पेटलेला असतो. तिथे उलटं. झाडांवर एक पान नाही, वरून उजेड सरळ जमिनीवर, आणि हिरवं जे काही आहे ते सगळं पायाशी. गेल्या वर्षीच्या कुजक्या पानांतून वर आलेली तीन पाकळ्यांची पांढरी फुलं, शेवाळ, आणि उतारभर पसरलेली ती रुंद, गुळगुळीत पानं. दृश्य सुंदर होतं, पण मला ते रान आवडलं नाही. फार शांत होतं. एवढ्या झाडांत एखादा तरी पक्षी ओरडायला हवा होता.

"अस्वलं आहेत का इथे?" मी विचारलं.

"आहेत, पण ती आपल्याला घाबरतात," मधू म्हणाला.

"घाबरलेलं अस्वल बरं, की न घाबरलेलं?"

मधूने मला शिकवलं. एका रोपाला दोन किंवा तीन पानं, देठ लालसर, खाली छोटा पांढरा कांदा. पान चुरगाळायचं, वास घ्यायचा. लसणाचा आला तर घ्यायचं, नाही तर सोडायचं. मी प्रत्येक पानाचा वास घेत होते. थोड्या वेळाने हाताला, पदराला, कपाळावर आलेल्या केसांनाही तोच वास येऊ लागला.

अर्धी पिशवी भरली तेव्हा पाऊस भुरभुरायला लागला, आणि खालच्या दरीतून धुकं वर चढताना दिसलं. ते हलताना दिसत नव्हतं, पण दर वेळी पाहिलं की एखादं झाड कमी झालेलं असे. मी मधूला म्हटलं, "चल आता, पुरे झालं." तो म्हणाला, "दोन मिनिटं. ओढ्याकडे बघ किती मोठी पानं आहेत." तो उतरून खाली गेला आणि दिसेनासा झाला. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली, तेव्हा धुक्यातून नुसता आवाज आला, "आलो." त्या दोन हाकांच्या मधलं ते रान मी आजही नीट आठवू शकते. रेखाने माझा हात धरला होता, की मी तिचा, ते मात्र आठवत नाही.

मधू वर आला तो ओंजळभर पानं घेऊन. ती त्याने पिशवीत टाकली आणि आम्ही घरी परतलो.

पात मी धुतली, मधूने चिरली. निम्म्याचा झुणका केला. निम्मी कच्चीच, दाण्याचं कूट, मीठ, तिखट घालून आणि वरून लिंबू पिळून पचडी केली. मधू जेवायला बसला आणि पहिल्याच घासाला म्हणाला, "थोडी कडसर आहे." मग म्हणाला, "रानातली आहे, असणारच." आणि भरपूर जेवला. मी उपवासाची, खिचडी खाल्ली. रेखाने आपल्यासाठी चीज घातलेला ब्रेड भाजून घेतला.

उतार

भांडी अजून ओट्यावरच होती तेव्हा मधू म्हणाला, "ताई, जीभ बधिर झाल्यासारखी वाटतेय."

मी म्हटलं, तिखट जास्त पडलं असेल. तो उठला, मोरीपर्यंत गेला आणि तिथेच बसला. उलट्या सुरू झाल्या. एकामागून एक, पोटात काही उरलं नाही तरी थांबेनात. तोंडातून लाळ गळत होती, चेहरा राखेसारखा झाला होता, आणि कपाळ गार, ओलं. "दिवे का घालवलेस?" त्याने विचारलं. दिवे चालूच होते.

मी त्याची नाडी धरली. एक ठोका लागला. मग काहीच नाही. बोट सरकलं असेल म्हणून मी पुन्हा दाबलं, तेव्हा पुढचा ठोका आला. एका ठोक्यानंतर दुसरा येईल याची खात्री वाटू नये, इतकं अंतर होतं मध्ये.

रेखाने भिंतीवरच्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला. तिचा आवाज स्थिर होता, फक्त फोनची वायर तिने मनगटाला करकचून गुंडाळली होती. तिकडून सांगितलं, अँब्युलन्स डोंगराच्या पलीकडे एका अपघाताला गेलेली आहे. इथे वर यायला तिला फार वेळ लागेल. तुम्ही खाली पुलापर्यंत आणू शकत असाल तर आणा, ती तिथे भेटेल. आणि त्याने जे खाल्लं ते बरोबर आणा.

"आत्या, कॅन यू ड्राइव्ह?"

मला सायकलसुद्धा येत नाही. रेखाकडे शिकाऊ परवाना होता. बापाला शेजारी बसवून तिने चर्चच्या मोकळ्या आवारात गाडी फिरवली होती, या रस्त्यावर कधीच नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग ती किल्ल्या आणायला गेली.

उरलेली पानं मी पावाच्या रिकाम्या पिशवीत भरली. आम्ही दोघींनी मधूला धरून मागच्या सीटवर आडवं केलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर, खाली बादली. गाडी निघाली.

रस्ता दिसतच नव्हता. दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राही. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे दरी, आणि ती दरीसुद्धा दिसत नाही म्हणून जास्तच भीती. रेखा पुढे वाकून, जवळजवळ काचेला नाक लावून चालवत होती.

"आत्या, बोल," ती म्हणाली. "प्लीज. कीप टॉकिंग."

काय बोलू? मी सांगत सुटले. तुझे बाबा सहा वर्षांचे होते तेव्हा आमची आई गेली. हा माझ्याजवळ झोपायचा, आणि झोपेत माझ्या पदराचं टोक धरून ठेवायचा. हे सांगताना माझी बोटं त्याच्या मनगटावर होती, आणि प्रत्येक ठोका लागेपर्यंत माझं वाक्य अडत होतं.

"व्हाय डिड यू स्टॉप?" रेखा घाबरून विचारी.

"थांबले नाही, बाळा. तू पुढे बघ."

एका वळणानंतर ती हळूच म्हणाली, "आत्या, मी पण खाल्ला."

मला आधी कळलंच नाही. "काय खाल्लंस?"

"द पचडी. ओन्ली अ लिटल. बाबा वॉज लाइकिंग इट सो मच, सो आय ट्राइड."

मांडीवर भाऊ, आणि गाडी जिच्या हातात ती पोर. तिलाही आता चक्कर आली तर? तिलाही अंधार दिसू लागला तर? मी विचारलं, "जीभ कशी आहे? पोटात मळमळतंय का?"

"आय डोन्ट नो. आय फील सिक. मे बी आय ॲम जस्ट स्केअर्ड."

मी म्हटलं, "भीतीच असणार. मलाही मळमळतंय, आणि मी तर ती पात चाखलीसुद्धा नाही." ते खरं होतं. पण म्हणताना माझा स्वतःवर विश्वास नव्हता.

तेवढ्यात मागून उजेड आला. आधी धुकं पिवळं झालं, मग जमीन हादरायला लागली, आणि भोंगा वाजला. कोळशाचा ट्रक. रेखाने ब्रेक दाबला, गाडी खडीवर घसरली आणि कडेला थांबली. ट्रक पुढे जाऊन थांबला. त्यातून एक धिप्पाड, दाढीवाला माणूस उतरला आणि आमच्या दिशेने चालत आला. त्या झाडावरची पाटी, त्या काचेतल्या बंदुका, सगळं मला एकदम आठवलं. मी दाराचं बटण दाबून धरलं.

त्याने रेखाच्या बाजूची काच ठोकली. तिने ती थोडी खाली केली. त्याने आत पाहिलं, मधूकडे, बादलीकडे, मग रेखाकडे. काही ओरडला नाही. त्याने विचारलं, कुठे जायचंय. रेखाने सांगितलं.

"माझ्या मागच्या लाल दिव्यांकडे बघ," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठेच बघू नकोस. मी हळू चालवतो."

आणि त्याने खरोखर हळू चालवलं. एवढा मोठा ट्रक आमच्यापुढे बैलगाडीच्या चालीने उतरत होता. रेखा त्या दोन लाल दिव्यांच्या मागे जात राहिली. मी बोलायची थांबले होते. एका हाताने मधूचं मनगट धरलं होतं, दुसरा हात पुढे करून रेखाच्या खांद्यावर ठेवला होता. खांदा ताठ आहे तोवर ती शुद्धीवर आहे, एवढंच मला कळत होतं.

पुलापलीकडे

अँब्युलन्स पुलाजवळ उभी होती. त्यांनी मधूला उचलून घेतलं. रेखाने काय खाल्लं ते मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, तेव्हा तिलाही आत घेतलं. ट्रक तोवर निघून गेला होता. त्या माणसाचं नावही आम्हाला विचारता आलं नाही.

हॉस्पिटलात मला बाहेरच्या बाकावर बसवलं. समोर दोन दारं. एका दारामागे मधू, दुसऱ्यामागे रेखा. कोणाच्या दाराकडे पाहावं हेही मला ठरवता येईना. साडीला लसणाचा वास येत होता, आणि त्या वासाने आता मला उलटी येईल असं वाटत होतं.

आधी रेखाचं दार उघडलं. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. तिला काही झालेलं नव्हतं, एका घासात काय असेल नसेल ते तिला बाधलं नव्हतं. मग तिला अचानक कापरं भरलं आणि ती माझ्या कुशीत शिरून इतकी रडली की नर्स पाहायला आली.

मधूच्या दारातून डॉक्टर बऱ्याच वेळाने आले. हृदय मंदावलं होतं, ते पुन्हा चालीवर आणणारं इंजेक्शन दिलं होतं, सलाइन लावलं होतं. "तो वाचेल," ते म्हणाले. पावाची पिशवी त्यांच्या हातात होती. त्यातून त्यांनी दोन पानं काढून आम्हाला दाखवली. एक गुळगुळीत. दुसरं रुंद, आणि त्यावर वरपासून खालपर्यंत सारख्या घड्या, साडीच्या निऱ्यांसारख्या. हे दुसरं विषारी. ते ओढ्याच्या ओलीत उगवतं, रॅम्प्सच्याच दिवसांत, आणि त्याला लसणाचा वास नसतो.

"मग वास घेऊनसुद्धा कसं कळलं नाही?" रेखाने विचारलं.

"हात हुंगून बघ," डॉक्टर म्हणाले.

तिने माझा हात धरून हुंगला. आम्ही त्या दिवशी दगड जरी हातात धरला असता, तरी त्याला लसणाचाच वास आला असता.

पुन्हा तो उतार

मधू घरी आला. नलिनी पिट्सबर्गहून धावत आली होती. ती कधी त्याला रागावे, कधी त्याच्याशेजारी नुसती बसून राही. मधू मुकाट्याने ताकभात खाई आणि रानाकडच्या खिडकीकडे पाठ करून बसे. खाणीत उतरणारा माणूस, पण ताटातल्या कोथिंबिरीचीही काडी काडी वेगळी करून पाहायला लागला. मला ते बघवत नव्हतं. शिवाय रात्री मी उठून त्याच्या दाराशी जाऊन उभी राहत असे, श्वास ऐकू येतो का ते बघायला. एकदा तिथे नलिनी आधीच उभी होती. मीही तिच्या शेजारी उभी राहिले.

माझं निघणं जवळ आलं तेव्हा रेखाने सांगितलं की तिला परत त्या रानात जायचं आहे.

"कशाला?" मधूने विचारलं. आवाज चढला होता.

"आय वॉन्ट टू सी इट," ती म्हणाली. "नाहीतर आय विल बी स्केअर्ड ऑफ द होल माउंटन."

नलिनी नको म्हणाली. शेवटी मीच तिच्याबरोबर गेले, कारण तिला एकटीला पाठवण्याची भीती रानाच्या भीतीहून मोठी होती. ऊन होतं. झाडांना बारीक पालवी फुटली होती. तरी ओढ्याचा आवाज आला आणि माझे पाय जागीच थांबले. रेखा पुढे गेली आणि घड्यांच्या पानांजवळ उकिडवी बसली. हात न लावता तिने ती बराच वेळ पाहिली. मग वर उतारावर आली, खिशातून साबणाची वडी काढली, डब्यातल्या पाण्याने हात धुतले, आणि एक रोप उपटलं. लाल देठ, पांढरा कांदा. हुंगलं. मला हुंगायला दिलं. पुन्हा हात धुतले, मग दुसरं. असं करत तिने फक्त चार रोपं घेतली.

घरी येऊन तिने ती स्वतः चिरली आणि तेलावर परतली. मीठ घातलं. बशी टेबलावर मधोमध ठेवली आणि उभी राहिली.

मधूने बशीकडे पाहिलं. त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. "सॉरी, बेटा," तो म्हणाला. "माझ्याच्यानं होत नाही." नलिनीने मान खाली घातली.

पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाहवेना. मी चमचा उचलला. चारही रोपं मी स्वतः हुंगली होती. एकेक पान डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही घास तोंडाशी नेताना मला धुकं दिसलं, बादली दिसली, त्या दोन ठोक्यांमधलं अंतर ऐकू आलं.

मी घास घेतला. हळूहळू चावला, गिळला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"कसा आहे?" रेखाने मराठीत विचारलं.

"लसूण आहे," मी म्हटलं. "नुसता लसूण."